शीटला रेघ आपण द्यायची

पारदर्शक प्लॅस्टिकची शीट आता लहान शहरांतही सहज मिळते. नावाच्या पाट्या करणाऱ्यांकडे असते, फोटो फ्रेमवाल्यांकडे असते, मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात असते. काचेसारखी आरपार दिसते, उचलली तर काचेच्या निम्म्या वजनाची भरते. त्यामुळे घरातल्या हौशी माणसाचा जीव तिच्यावर जडला नाही तरच नवल. कुणाला भिंतीवरच्या फ्रेमची काच बदलायची असते, कुणाला पुस्तकांच्या कपाटाला दार लावायचं असतं, कुणाच्या मुलाचं विज्ञान प्रदर्शन तोंडावर आलेलं असतं.

अडचण पुढे येते. घरी आणलेली शीट नेमकी अर्ध्या इंचाने जास्त भरते आणि मग हाताला लागेल ते हत्यार घेऊन माणूस तिच्यामागे लागतो. कुणी कात्री घेतं, कुणी लाकडाची करवत घेतं, कुणी गॅसवर सुरी तापवतं. परिणाम ठरलेला. एक तर कडेला वितळलेल्या प्लॅस्टिकचे मणी जमतात, नाहीतर कडेपासून निघालेला तडा थेट शीटच्या मध्यावर जाऊन थांबतो. लाकडाची फळी खराब झाली तर भुसा आणि सरस भरून वेळ मारून नेता येते. इथे ती सोय नाही. पारदर्शक वस्तूत केलेलं वाईट काम जन्मभर दिसत राहतं.

मी कवी माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंत. पण घराच्या मागच्या पडवीत माझं एक बाक आहे. त्याला शिकंजा बसवलेला आहे आणि भिंतीवर दहा-बारा हत्यारं टांगलेली आहेत. शब्द अडले की मी तिथे जाऊन बसतो. आमच्या गल्लीतले एक वयस्कर सुतार, ज्यांना सगळे मिस्त्रीचाचा म्हणतात, कधीकधी तिथे चहाला येतात. त्यांनी एकदा शीट हातात फिरवून पाहिली आणि म्हणाले, "शायर, लाकडाला स्वतःची रेघ असते. आपण तिच्या कलाने जायचं. ह्याला रेघच नाही. ती तुम्ही द्यायची."

शीट कापण्याचं निम्मं शास्त्र या बोलण्यात आलं. सागाची फळी कुठे फाटेल हे तिच्या तंतूंवरून कळतं. शीटमध्ये तंतू नाहीत, थर नाहीत, दिशा नाही. ती कुठेही आणि कशीही फुटू शकते. मग ती फुटते कुठे? जिथे आधीपासून एखादा चरा, खाच किंवा टवका असेल तिथे. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने काचेवर प्रयोग करून हे दाखवून दिलं. त्याचा निबंध १९२१ साली प्रसिद्ध झाला. काच तिच्या मूळ ताकदीच्या मानाने फार लवकर तुटते, याचं कारण तिच्या अंगावरच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा, असं त्याचं म्हणणं. शीट वाकवली की सगळा ताण भेगेच्या टोकाशी गोळा होतो आणि भेग पुढे धावत सुटते.

ही गोष्ट आपल्या विरुद्धही जाते आणि आपल्या कामालाही येते. कडेला चुकून राहिलेली खाच शीट फोडते. पण आपण मुद्दाम, सरळ आणि पुरेशी खोल पाडलेली खाच शीटला सांगते की बाई, फुटायचं असेल तर इथूनच फूट.

हत्यार उचलण्याआधी शीट कोणती आहे ते मात्र ओळखलं पाहिजे. बाजारात आरपार दिसणाऱ्या शीट मुख्यतः दोन प्रकारच्या, ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट. दिसायला सख्ख्या बहिणी, स्वभाव अगदी वेगळा. दुकानदाराकडून बोटभर रुंदीची कात्रण मागून घ्या, जुन्या फडक्यात गुंडाळा आणि वाकवा. कट्‌ असा आवाज होऊन मोडली तर ॲक्रिलिक. वाकली, दुमडली, पण मोडायला तयार नसेल तर पॉलिकार्बोनेट. पॉलिकार्बोनेटला कितीही चरे पाडा, ती सरळ रेषेत मोडायची नाही. तिला करवतच लागते. पातळ असेल तर पत्रा कापायच्या कात्रीनेही भागतं. चरा पाडून मोडण्याची रीत ॲक्रिलिकसाठी आहे आणि घरगुती कामात बहुधा तीच शीट असते.

ॲक्रिलिकची एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९३०च्या दशकात जर्मनीत ते 'प्लेक्सिग्लास' आणि इंग्लंडमध्ये 'पर्स्पेक्स' या नावांनी बाजारात आलं. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांमध्ये वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक छत त्याचंच असे. गोळी लागली की छत फुटे आणि त्याच्या कपच्या वैमानिकांच्या डोळ्यांत घुसत. हॅरल्ड रिडली या इंग्रज नेत्रतज्ज्ञाच्या लक्षात आलं की या कपच्या डोळ्यात राहिल्या तरी डोळा त्यांच्याविरुद्ध फारशी तक्रार करत नाही. त्यातून त्याला कृत्रिम भिंग सुचलं आणि नोव्हेंबर १९४९मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्याने मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात ॲक्रिलिकचं पहिलं भिंग बसवलं. आज आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांत बसवली जाणारी भिंगं त्याच वाटेने आली आहेत.

ही गोष्ट सांगण्यामागे माझा एक व्यवहारी हेतू आहे. ॲक्रिलिक न फुटणारं आहे, असा पुष्कळांचा समज असतो. ते काचेपेक्षा चिवट आहे एवढंच. ते फुटतं आणि त्याच्या कपच्या डोळ्यात जातात. प्रत्येकाला रिडली भेटत नाही. म्हणून शीट कापताना, भोक पाडताना, नुसती मोडतानासुद्धा डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा. नाकावर फडकं हवं, कारण घासताना उडणारी पूड फुफ्फुसाच्या कामाची नाही. आणि मशीन चालू असताना हातात मोजे नकोत, ते फिरत्या पात्यात अडकतात.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. आमच्या गावच्या वाचनालयात शाळेतल्या मुलांनी वर्षानुवर्षं काढलेल्या हस्तलिखित अंकांचा एक गठ्ठा आहे. चित्रं हाताने काढलेली, कविता बोरूने लिहिलेल्या. प्रत्येक अंकाची जगात एकच प्रत. एक अंक लोकांना पाहता यावा म्हणून काचेच्या पेटीत ठेवला होता. मुलं पाहायला येत, कोपरं टेकवून वाकत, आणि एक दिवस वरची काच तडकली. कुणाला लागलं नाही हे नशीब. पण अंक कपाटात बंद झाला. जे मुलांनी मुलांसाठी लिहिलं होतं ते मुलांनाच दिसेनासं झालं. तेव्हा मी ॲक्रिलिकची पेटी करून द्यायचं मान्य केलं.

पेटी ४५० मिलीमीटर लांब, ३०० रुंद आणि १५० उंच. तळ लाकडी, बाकी पाच तुकडे ३ मिलीमीटर जाडीच्या शीटचे. वरचं झाकण ४५० बाय ३००. लांब बाजूंचे दोन तुकडे ४५० बाय १५०. आखूड बाजूंचे दोन तुकडे या लांब बाजूंच्या मधे बसतात, म्हणून त्यांची लांबी ३०० नव्हे. दोन्हीकडची जाडी वजा करून ती २९४ येते. हा ६ मिलीमीटरचा हिशेब राहिला तर पेटीचा एकही कोपरा जुळत नाही. शिवाय ३ मिलीमीटर म्हणून विकलेली शीट नेमकी तेवढी भरेलच असं नाही, म्हणून जाडी आधी मोजून घ्यायची. या पेटीचं वजन साधारण सव्वा किलो होतं. तेवढ्याच जाडीच्या काचेची केली असती तर ते पावणेतीन किलोच्या आसपास गेलं असतं.

चरा पाडून मोडायच्या कामात एक बंधन असतं. रेघ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आरपार गेली पाहिजे. अर्ध्यात थांबून वळता येत नाही. म्हणून कापण्याचा क्रम आधी कागदावर ठरवावा. मी ९०० बाय ६०० मिलीमीटरचा तुकडा आणला. आधी तो मधोमध मोडून ४५० बाय ६००चे दोन भाग केले. पहिल्या भागातून ३००, १५० आणि १५० असे तीन तुकडे निघाले. दुसऱ्यातून १५०च्या दोन पट्ट्या काढून त्या २९४वर आखूड केल्या. एक ४५० बाय ३००चा तुकडा वर शिल्लक राहिला, म्हणजे पुढेमागे झाकण ओरखडलं तर बदलायची सोय झाली.

शीटच्या दोन्ही अंगांना कागद किंवा पातळ प्लॅस्टिक चिकटवलेलं असतं. ते काढू नका. शीट सपाट बाकावर ठेवून कागदावरच पेन्सिलने, गुण्या लावून रेघ आखा. रेघेला पोलादी पट्टी लावून ती दोन्ही टोकांना क्लॅम्पने आवळा. पट्टी हाताने धरली तर ती कधीतरी सरकतेच. मग आकडीसारख्या पात्याचं ॲक्रिलिक कटर घ्या. ते महाग नसतं आणि साध्या कागदी कटरपेक्षा कितीतरी चांगलं काम करतं. पहिला हात हलका, केवळ वाट दाखवण्यापुरता. त्यानंतर त्याच वाटेने आपल्याकडे ओढत आठ-दहा वेळा फिरवा. पात्यातून किसासारखी बारीक तार निघू लागली की काम नीट चाललं आहे असं समजा. जाडीच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे ३ मिलीमीटरच्या शीटमध्ये १ मिलीमीटर खोल चर झाला की पुरे. दोन्ही टोकांना तो तेवढाच खोल हवा. बहुतेक तडे टोकाशीच वाट सोडतात, कारण तिथे हात सैल पडलेला असतो.

मोडताना चर वरच्या अंगाला ठेवा आणि बरोबर बाकाच्या कडेवर आणा. बाकावरच्या भागावर सरळ फळी ठेवून तीही क्लॅम्पने आवळा. बाहेर आलेल्या भागावर पूर्ण लांबीभर दोन्ही तळवे ठेवून एकाच दमात खाली दाबा. खाली दाबताना शीटचं वरचं अंग ताणलं जातं आणि ताण थेट चराच्या तळाशी पोचतो. चर खाली ठेवलात तर तो मिटतो आणि शीट स्वतःच्या मर्जीने फुटते. भीतभीत, हिसके देत दाबू नये. मनाची तयारी झाली नसेल तर आणखी चार वेळा कटर फिरवा, पण दाबलं की दाबलं. दीड-दोन इंचांपेक्षा अरुंद पट्टी मोडायची असेल तर बोटांना पकड मिळत नाही. ती दोन लाकडी पट्ट्यांमध्ये धरून मोडावी. ३ मिलीमीटरपर्यंत ही रीत बिनधास्त चालते. त्याहून जाड शीटला, गोलाईला किंवा खाचेदार आकाराला करवत घ्यावी लागते.

करवत आली की दुसरा शत्रू येतो, उष्णता. ॲक्रिलिक सुमारे १०५ अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतं, म्हणजे उकळत्या पाण्याच्या जरा पुढे. लोखंड कापताना घर्षणाची उष्णता लोखंडभर पसरून जाते. प्लॅस्टिक उष्णतेचं मोठं चिकट गिऱ्हाईक आहे, ते तिला जागचं हलू देत नाही. दातांपाशी शीट वितळते, पात्याला चिकटते आणि कधीकधी मागे कापलेली फट पुन्हा जुळूनही येते. पाट्यांच्या कामावर मी एका तरुण कारागिराला जिगसॉ मशीन पूर्ण वेगाने चालवताना पाहिलं आहे. चार इंच कापून झाल्यावर मागे वळून पाहिलं तर पहिले दोन इंच परत सांधलेले!

उपाय साधे आहेत. मशीनचा वेग कमी ठेवा आणि पातं बारीक दातांचं व धारदार घ्या. हाताने कापत असाल तर हॅकसॉचं पातं असं निवडा की निदान तीन दात एकाच वेळी शीटच्या जाडीवर बसतील. ३ मिलीमीटरला इंचाला ३२ दातांचं पातं योग्य, ५-६ मिलीमीटरला २४ दातांचं चालतं. करवत उभी न धरता तिरपी धरा आणि लांब, संथ हात मारा. मधेमधे थांबून दातांतली पूड ब्रशने काढा. शीट थरथरू देऊ नका. कापायच्या रेघेच्या अगदी जवळ, वरखाली फळी घालून ती आवळा, कारण थरथरणाऱ्या शीटचे टवके उडतात. शेवटचा इंच आला की सुटणाऱ्या तुकड्याला खालून हात द्या, नाहीतर तो स्वतःच्या वजनाने मोडून जातो. करवत आपल्या जाडीइतकी शीट खाते, म्हणून रेघेच्या बाहेर एखाद मिलीमीटर राखून कापा आणि नंतर कानशीने रेघेवर या.

आतला कोपरा कापायचा असेल, म्हणजे इंग्रजी एल अक्षरासारखा आकार, तर कोपऱ्यावर आधी गोल भोक पाडा आणि करवत त्या भोकापर्यंत आणा. टोकदार आतला कोपरा म्हणजे ग्रिफिथने सांगितलेली भेगच. आज नाही तर सहा महिन्यांनी तिथून तडा निघणार. भोक पाडताना शीटखाली लाकूड हवं आणि वेग कमी हवा. ड्रिलचं टोक पलीकडे निघायच्या बेताला आलं की दाब जवळजवळ काढून घ्यावा. तिथेच ते शीटला चावतं आणि फोडतं. भोक कडेपासून निदान आपल्या व्यासाच्या दुप्पट अंतरावर असावं आणि स्क्रूपेक्षा थोडं मोठं असावं. ॲक्रिलिक काचेच्या सातआठ पट फुगतं. एक मीटरची शीट पहाट आणि दुपार यांच्यातल्या ३० अंशांच्या फरकाने सुमारे २ मिलीमीटर वाढते. तिला श्वास घ्यायला जागा ठेवली नाही तर स्क्रूपाशी ती तडकणारच.

कापलेली कड तशीच सोडू नये. ती हाताला लागते आणि तिच्यातले बारीक टवके पुढच्या तड्यांची बीजं असतात. हॅकसॉच्या जुन्या पात्याची पाठ कडेवरून खरडत न्या, सगळे उंचवटे निघतात. मग सपाट लाकडाच्या ठोकळ्याला वॉटर पेपर गुंडाळून, पाणी लावत, आधी २२० नंबर, मग ४००, मग ६०० असं घासा. शेवटी पितळ चमकवायचं पॉलिश मऊ फडक्यावर घेऊन चोळलं की कड आरशासारखी होते. काही जण गॅसच्या ज्योतीने कड चमकवतात. घरी तो खेळ नको. ॲक्रिलिक जळतं, आणि ज्योतीने कडेत कोंडलेला ताण पुढे त्रास देतो.

हा ताण बाहेर कसा पडतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. नव्याने कापलेली कड स्पिरिटने, थिनरने किंवा काच पुसायच्या द्रवाने पुसली की काही वेळा तिच्यात रेशमाच्या धाग्यांसारख्या असंख्य बारीक भेगा उमटतात. काम संपलेलं असतं, वस्तू देखणी झालेली असते आणि शेवटच्या पुसण्याने तिचा नाश होतो. म्हणून ॲक्रिलिकला साबणाचं कोमट पाणी आणि मऊ सुती कापड, एवढंच लावावं. कोरडं फडकं चोळलं तर ते ओरखडतं, आणि विजेचा भार येऊन धूळ ओढून घेतं. याच कारणाने खडूची किंवा कोळशाची चित्रं ॲक्रिलिकखाली लावत नाहीत, सुटी पूड उडून शीटला चिकटते. जुना कागदही शीटला टेकू न देता मधे थोडी फट ठेवून बसवावा.

मोठ्या शहरांत आता लेझरवर शीट कापून मिळते. आकडे लिहून द्या, तासाभरात चकचकीत कडांचे तुकडे हातात येतात. नाजूक नक्षी असेल तर जरूर तिकडे जा. पण लेझरही वितळवूनच कापतो आणि त्याच्या कडेतही ताण राहतो, तेव्हा स्पिरिटचं पथ्य तिथेही पाळायचं. आणि शीट पीव्हीसीची असेल तर ती लेझरखाली कधीही द्यायची नाही, तिच्यातून विषारी वायू निघतो.

वाचनालयातली पेटी जोडून झाल्यावर ती मी काही दिवस उघड्या हवेत ठेवली, म्हणजे जोडायच्या द्रवाचा वास जुन्या कागदांना लागू नये. आता अंक परत बाहेर आला आहे. मुलं येतात, कोपरं टेकवतात, कुणाच्या तरी आजोबांनी काढलेलं चित्र शोधतात. ग्रंथपालबाई दर आठवड्याला आत एक पान उलटतात.

तुम्ही शीट आणायला जाल तेव्हा हवी त्यापेक्षा एक लहानशी कात्रण जास्त मागा. त्याच जाडीची, त्याच शीटची. तिच्यावर दोनदा चर पाडा, दोनदा मोडा, एक भोक पाडा. हाताला तिचा स्वभाव कळला की मगच मोठ्या तुकड्यावर रेघ ओढा. आणि संरक्षक कागद अगदी शेवटी, सगळं काम संपल्यावर, हात धुऊन काढा.